वाटीच्या आतली लाल फुली

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा सगळं पुसून टाकलं, कारण ह्यात ज्यांची नावं येतात त्यांची माणसं वरसेला आणि रोह्यात रोज दिसतात, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत. पण जिची गोष्ट आहे ती रंभामावशीच म्हणाली, नावं घालून लिही, पुसलंस तर माझ्या दारात उभी राहू नकोस. म्हणून एका दमात लिहितेय. थांबले तर परत पुसेन.

तर रंभा.

आज तिला अख्खा तालुका चाकवाली मावशी म्हणतो. रोह्याजवळ वरसेला तिची पत्र्याची शेड आहे. जुन्या मोटारींची, बुलेटची, गंजून तपकिरी पडलेली क्रोमची चाकं तिच्याकडे येतात, पुण्यामुंबईहूनसुद्धा येतात, आणि आरसा होऊन जातात. मशीन नाही, ऍसिड नाही. सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पाण्यात बुडवायचा आणि त्याने गंज घासायचा. तो कागद क्रोमला ओरखडा देत नाही, गंज तेवढा काळं पाणी होऊन सुटतो. मग भाताच्या तुसाची राख, फडक्यातून गाळलेली, त्या राखेने घासायचं. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने. दिवसाला एक चाक, जास्त नाही.

आणि सुरुवात नेहमी आतून. चाकाच्या मधोमध नट झाकायला क्रोमची एक वाटी बसवलेली असते ना, ती आधी उपटायची आणि तिची आतली बाजू घासायची, जी परत झाकलीच जाणार आहे.

गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, आत कोण बघतंय?"

मावशी म्हणते, "मी बघते."

एवढंच सांगते. चाळीस वर्षं एवढंच सांगत आली.

रंभाचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरातलं. बाप बाबाजी जन्मभर उन्हात मीठ ओढणारा. त्यांच्याकडे फावडं लाकडाचं, दांडा लाकडाचा, खोपटाला खिळ्याऐवजी काथ्या बांधलेला, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड टिकतच नाही. बाबाजी पोरींना सांगायचा, "लोखंडाला मीठ दाखवू नये गो. वाघ खाताना निदान गुरगुरतो. मीठ खातं ना, तर आवाज पण नाय करत."

आणि त्यांच्याकडे एक रीत. मुलगी लांब दिली की दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, नव्या मिठाचं एक पोतं तिच्या सासरी नेऊन द्यायचं. माहेरचं मीठ. रंभाचा भाऊ रघू ते पोतं एसटीच्या टपावर टाकून वरसेला यायचा.

रंभाचा नवरा मोरू ते बघून हसायचा. "बाकीच्यांचे सासरे सोनं घालतात. आमच्या सासऱ्याने मीठ घातलं."

मोरूकडे एक डॉज गाडी होती, जुनी, लांबलचक. रोह्यापर्यंत तेव्हा रेल्वे आली नव्हती, त्यामुळे रोहा, नागोठणे, पेण अशी मोरूची टॅक्सी दिवसभर धावायची, आत दहा-बारा माणसं कोंबून. गाडीचा पत्रा चेपलेला होता पण चाकं बघून लोक थांबायचे. पहिल्या मालकाने चारही चाकं मुंबईला नेऊन पूर्ण क्रोमची करून घेतली होती. मोरू रोज सकाळी मागच्या डाव्या चाकापुढे उकिडवा बसायचा आणि वाटीत तोंड बघून भांग पाडायचा.

त्या आधी रंभाने चाकं घासून ठेवायची. बोटाचा ठसा दिसला की मार. पाण्याचा सुकलेला थेंब दिसला की मार. मारायला गाडीचाच जुना फॅनबेल्ट होता, तो दाराच्या मागे खिळ्याला लटकलेला. फॅनबेल्टचा वळ एक रेघ नसतो, दोन रेघा उठतात, मध्ये पांढरं आणि दोन्ही कडांना जांभळं. रंभाच्या पाठीवर ते अजून आहेत, पुसट, वहीच्या पानासारखे.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा, म्हणजे एकोणऐंशी साली, तिला दिवस होते. तिसरा महिना. त्या दिवशी वाटीवर राखेचा एक पट्टा राहिला. मोरूने बेल्ट नाही घेतला. पायाने मारलं. तिथेच अंगणात, चाकाच्या शेजारी, तिचं पोट पडलं. मोरू त्याच पायाने क्लच दाबून पेणला गेला, कारण स्टँडवर गिऱ्हाइकं थांबली होती.

पंधरा दिवसांनी रघू मिठाचं पोतं घेऊन आला. त्याने विचारलं, "बरी हायस ना गो?"

ती म्हणाली, "हाय की."

रघू गेल्यावर ती त्या पोत्यापुढे बसून राहिली. मूठभर मीठ हातात घेतलं. मग उठली, स्क्रूड्रायव्हरने मागच्या डाव्या चाकाची वाटी काढली, मीठ ओल्या फडक्यात बांधून नटांच्या भोवती घट्ट कोंबलं, आखडलेल्या गुडघ्याला पोटीस बांधतात तसं. वर वाटी बसवली आणि बाहेरून इतकी घासली, इतकी घासली, की मोरू भांग पाडताना म्हणाला, "आत्ता कसं."

दर शनिवारी. जवळजवळ दोन वर्षं. एकच चाक, तेच, ज्याच्यात तो तोंड बघायचा.

तिला विचारलं, मावशी, तुला काय व्हायला हवं होतं. तिने गुळमुळीत उत्तर नाही दिलं. म्हणाली, "तो मरायला हवा होता." आणि गाडीतली बाकीची माणसं? तर म्हणाली, ती डोक्यातच आली नाहीत. तिला त्या गाडीत कधी बसवलंच नव्हतं. एकदासुद्धा नाही. तिने ती गाडी फक्त उभी असलेली पाहिली होती, रिकामी, अंगणात नाहीतर गॅरेजात. तिच्यासाठी गाडी म्हणजे मोरू आणि चाकं.

आता काळुराम.

काळुरामचं गॅरेज रोह्याला, कुंडलिका नदीच्या पुलाच्या अलीकडे. बत्तीस वर्षांचा, सडपातळ, सतत काहीतरी बडबडणारा. मोरू गाडी दाखवायला आणायचा तेव्हा बादली उचलायला रंभालाही मागून चालत यायला लावायचा. मोरू समोर चहाला बसायचा आणि काळुराम गाडीखालून बोलत राहायचा.

"वैनी, राखेने डायरेक्ट घासता का? क्रोम रडतंय बघा. हे घ्या." असं म्हणून त्याने सिगरेटच्या पाकिटातला कागद काढून दिला होता आणि पाण्यात बुडवून कसं घासायचं ते दाखवलं होतं. म्हणजे आज मावशी जिच्यावर जगते ती विद्या काळुरामची. तेव्हापासून तो रिकाम्या पाकिटांतले कागद तिच्यासाठी डब्यात साठवून ठेवायचा. "माझ्या छातीचं खोबरं झालं तरी चालेल, पण मोरूशेठची चाकं चमकली पायजेत."

त्याची एक पद्धत होती. जे चाक रस्त्यावर न्यायचं नाही त्याच्या नटांवरून, मधल्या पत्र्यावर, तो लाल ऑइलपेंटने मोठी फुली मारायचा. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो, म्हणायचा, फुली विसरत नाही. बाकीचे मेकॅनिक ह्याला हसायचे.

एक्याऐंशी साल, शिमग्याच्या आधीचा शुक्रवार. मागच्या चाकातून आवाज येतोय म्हणून मोरूने गाडी आणली आणि चहाला गेला. काळुरामने डाव्या चाकाची वाटी उपटली. सकाळीच रंभाने फडकं काढून ठेवलं होतं पण आत पांढरा थर होता, आणि त्याखाली बोल्ट उंदरांनी कुरतडल्यासारखे झालेले.

काळुरामने बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं. जिभेला लावलं.

रंभाने बादली खाली ठेवली.

त्याने वर पाहिलं. आधी तिच्या तोंडाकडे, मग पोलक्याच्या बाहीखाली दोन जांभळ्या रेघा दिसत होत्या त्यांच्याकडे. 

मग हळूच म्हणाला, "वैनी, चाकाला लोणचं घातलंत?"

तिने बाही खाली ओढली.

"मारायचं तर त्याला मारा. विळा घ्या, वरवंटा घ्या, मी कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहीन. पण गाडीत माणसं बसतात वैनी."

त्याने रॉकेलने सगळं मीठ धुऊन काढलं, एक कण ठेवला नाही, आणि नटांवर लाल फुली मारली. मोरू चहा संपवून आला तेव्हा रंभा तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होती. काळुरामने सांगितलं, "मागचं डावं चाक. बोल्ट खलास. मंगळवारी पनवेलहून नवीन आणतो. तवर गाडी काढायची नाय. फुली मारलीय."

"खलास कसे? बाकीच्या तीन चाकांना काय धाड नाय भरली."

"जुनी गाडी, मोरूशेठ. गंज काय इचारून येतो?"

मिठाचं नाव त्याने काढलं नाही. मोरू "बरं" म्हणाला आणि गाडी हळूहळू घरी आणली.

पण शिमगा. मुंबईची माणसं गावाला उतरलेली, स्टँडवर झुंबड. रविवारी सकाळी मोरूने वाटी उचलली, लाल फुलीवर ठोकून बसवली आणि त्यात बघून भांग पाडला. "काळ्याला दुकान चालवायचंय," म्हणाला. "रोज नवा बोल्ट पायजे त्याला."

रंभा दारात उभी होती. तिने ऐकलं, पाहिलं, आणि मनात म्हणाली, जा.

स्टँडवर भरून गाडी परत वरसेला घरासमोरच्या रस्त्यावर आली तेव्हा तिथे गावातली बायजाबाई उभी होती, वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन, पेणच्या बाजाराला निघालेली. मोरूने गाडी थांबवली. आत आधीच नऊ-दहा माणसं, एकीच्या मांडीवर पोर. रंभाने आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी भरलेली नीट पाहिली. ती अनवाणी धावली.

"मावशे, आज नको जाऊस."

बायजाबाई एक पाय आत ठेवून म्हणाली, "का गो?"

मोरूने मान वळवून रंभाकडे बघितलं. नुसतं बघितलं.

रंभा म्हणाली, "काय नाय. असंच."

भिसे खिंडीतल्या वळणावर बोल्ट तुटले. चाक सुटून गाडीच्या पुढे पळत गेलं म्हणतात, उन्हात लखलखत, आणि गाडी मागून फरफटत जाऊन दगडी कठड्यावर आडवी झाली. कोणी मेलं नाही. पण तोंडं फुटली, दात पडले, पोराचा हात मोडला, आणि बायजाबाईचा उजवा पाय गुडघ्याखाली दाराच्या आणि दगडाच्या मध्ये सापडला. तो नंतर काढावा लागला.

मोरूच्या कोपराला खरचटलं. बस्स. तेवढंच.

दुपारी तीनच्या सुमारास एक ट्रक काळुरामच्या गॅरेजपुढे उभा राहिला. त्यातून मोरू उतरला, बायजाबाईचा मुलगा गोविंदा उतरला, वीस-पंचवीस माणसं उतरली आणि शेवटी ते चाक खाली टाकलं, पुरावा म्हणून. वाटी पिचली होती पण पडली नव्हती, चाकाला तशीच चिकटून होती. वरसेहून रंभा धावत येऊन पोचली तेव्हा काळुरामचं नाक आधीच फुटलं होतं. दोघांनी त्याला दंडांना धरलेलं, आणि गोविंदा त्याच्या पोटात गुडघा मारत होता, एकेका शब्दाला एकेक.

"नट. सैल. सोडतोस. माझ्या. आईचा. पाय."

"सैल नाय," काळुराम रक्त थुंकून म्हणाला. "सांगितलं होतं. गाडी काढू नको म्हणून सांगितलं होतं मी त्याला. फुली मारली होती."

"कसली फुली?" मोरू म्हणाला. "आपल्याला कोणी काय सांगितलं नाय."

मोरूच्या हातात चाकाचे नट खोलायचा लांब पाना होता. रंभाने तो पाना पाहिला.

काळुरामला ती दिसली. "वैनींसमोर सांगितलंय. त्या उभ्या होत्या. इचारा त्यांना."

सगळे वळले. पंचवीस माणसं आणि त्यांच्या मध्ये मोरू. मोरूने अगदी शांतपणे विचारलं, घरी जेवायला काय आहे विचारतात तसं, "काय गो? सांगितलं व्हतं ह्याने?"

रंभा सांगते की तिच्या तोंडाला तेव्हा खारट चव आली. जीभ चावली गेली होती बहुतेक.

ती म्हणाली, "मी नाय ऐकलं."

काळुराम तिच्याकडे बघत राहिला. त्याच्याकडे अजून एक शब्द शिल्लक होता. मीठ. तो एक शब्द उच्चारला असता तर ते पंचवीस लोक त्याला सोडून तिच्याकडे वळले असते. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने ते मिटले.

गोविंदाने त्याचा उजवा हात ओढून ऐरणीवर दाबला आणि मोरूने पाना घातला. पहिल्या घावाला बोटं उलटी झाली. दुसऱ्याला आवाज आला, ओली काठी मोडल्यासारखा. तिसऱ्या घावापर्यंत काळुराम ओरडला नाही, मग ओरडला, आणि चौथ्याला गप्प झाला. लोकांनी त्याची हत्यारं, टायर, तो सिगरेटच्या कागदांचा डबा, सगळं कुंडलिकेत फेकलं. कागद पाण्यावर बराच वेळ चमकत होते.

आणि ते चाक ऐरणीपासून वीतभर अंतरावर पडलेलं होतं. कोणीतरी नुसती वाटी उपटली असती तर आत लाल फुली होती. पंचवीस माणसांतल्या एकाने. कोणी नाही उपटली. रंभानेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू अंगणात उभा राहून हसत होता. खिंडीतून गाडी ओढून आणली होती आणि उरलेली तीन चाकं घासायला सांगत होता. रंभा म्हणाली, "हात उचलत नाय माझा आज." त्याने दारामागचा फॅनबेल्ट काढला.

तिच्या हातात दुसऱ्या चाकाची वाटी होती. तिने ती कडेने धरली आणि मारली. एकदाच, पण सगळ्या अंगाने. भुवईपासून कानापर्यंत मोरूचं तोंड उघडलं. अकरा टाके. तो खाली बसला, तोंडावरून रक्त वाहत होतं आणि तो चाकाकडे बघत होता, रंभाकडे नाही. ती म्हणाली, "परत बेल्टला हात लावलास तर दुसरी बाजू पण अशीच करीन."

त्याने परत कधी हात लावला नाही. तेरा वर्षं जगला, दारू पीत जगला, कावीळ होऊन मेला, आणि त्या तेरा वर्षांत तिच्याकडे पाठ करून एकदाही बसला नाही. रेल्वे आली, टॅक्सीचा धंदा बसला, डॉज भंगारात गेली.

लोक म्हणतात काय धीराची बाई. मावशीला हे ऐकवत नाही. "धीर आला," म्हणते, "एक दिवस उशिरा आला. आदल्या दिवशी आला असता तर कोणाचा हात गेला नसता."

काळुराम बरा झाला तो उजव्या हाताची मूठ मिटूनच. रोह्यात त्याला कोणी पाना देईना. पोरंटोरं मागून ओरडायची, नट सैल, नट सैल. वर्षभराने तो पेणजवळ जोह्याला बहिणीकडे गेला, गणपतीच्या कारखान्यात डाव्या हाताने मूर्ती घासायला. आणि रोह्यात चाकं कोण चमकवणार, तर रंभा. त्याची विद्या, त्याची गिऱ्हाइकं. मोरू मेल्यावर तरी ती बोलू शकली असती. नाही बोलली. का, तर एव्हाना तिचं नाव झालं होतं. हे पण तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

ते सुटलेलं चाक तिने गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं होतं. बेचाळीस वर्षं ते तिथे होतं.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याचा एक गाडीवाला आला. त्याने कुठल्यातरी गोदामातून मोरूची डॉज शोधून काढली होती, तीन चाकांसकट. चाकं इतकी गंजली होती की हात लावला तर पापुद्रे पडत होते. "मावशी, ही तीन कराल? चौथं कुठे मिळतं का बघतोय."

तिने तिन्ही केली. महिना लागला. कागद, पाणी, राख, धोतर. जिथे क्रोम उडून लोखंड दिसत होतं तिथे तेलाचा हात देऊन तसंच ठेवलं, चांदीचा रंग मारून खोटं केलं नाही. चौथ्याबद्दल ती गाडीवाल्याला काही बोलली नाही. तो गेल्यावर मात्र शिडी लावून स्वतः माळ्यावर चढली, सहासष्टाव्या वर्षी, आणि गोणपाट खाली ढकललं.

बाहेरून चाक सडलं होतं. वाटी पिचलेली, गंजाने जाम. छिन्नी लावून तिने ती उपटली.

आत उजेडच कधी गेला नव्हता. त्यामुळे फुली लालभडक होती. काल मारल्यासारखी. नटांच्या फुटक्या खुणांवरून आडवी-उभी, काळुरामच्या हाताची, उजव्या हाताची.

त्या चाकाला तिने आठ दिवस घेतले. फुली सोडून बाकी सगळं घासलं, फुलीच्या कडेकडेने बोटाच्या टोकाने, माचिसच्या काडीला कागद गुंडाळून. मग चाक गोणपाटात घालून रिक्षा, पेणची एसटी, आणि पेणहून जोह्याची बस.

कारखान्यात शंभरेक पांढऱ्या मूर्ती रांगेत आणि त्यांच्या मधोमध पांढरा झालेला एक म्हातारा, पिठात लोळल्यासारखा. डाव्या हातात पॉलिश पेपर. उजवा हात मांडीवर मिटलेला.

रंभाने चाक त्याच्यापुढे टाकलं. फुलीची बाजू वर.

काळुरामने ओळखलं. तिला आधी नाही, फुलीला. मिटलेल्या मुठीने त्याने ती चाचपली.

"तुमाला ठाव होतं मीठ कोणी घातलं," रंभा म्हणाली. "का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐरणीवर तुमचं डोकं असतं, वैनी. हातापरास डोकं म्हाग."

"मी खोटं बोलले."

"व्हय. मी तिथंच होतो की."

तिने उजवा हात जमिनीवर पसरला, त्याच्यापुढे, बोटं फाकवून. बाजूला साचा ठोकायचा हातोडा पडला होता, तो त्याच्याकडे सरकवला. "मारा. चार वेळा."

काळुरामने हातोडा उचलला. डाव्या हातात. म्हातारा खोकत होता पण दंड अजून टणक होता. हातोडा डोक्याच्या वर गेला आणि रंभाने डोळे मिटले नाहीत. तिने तेवढं ठरवून आणलं होतं घरून.

घाव चाकावर बसला. एक, दोन, तीन, चार. कारखान्यातली माणसं धावत आली. आठ दिवस घासलेलं क्रोम तडकून उडालं, एक तुकडा रंभाच्या गालात घुसला, रक्त आलं. फुलीला मात्र त्याने हातोडा लागू दिला नाही. धापा टाकत म्हणाला, "बेचाळीस वर्षं. बेचाळीस वर्षांनी तुमी मला सांगायला येताय, आणि मला तर ठावच हाय. मला सांगून काय करायचंय? ज्यांना नाय ठाव त्यांना सांगा. रोह्याला सांगा."

मग हातोडा टाकून म्हणाला, "गाल पुसा. चहा घेणार का?"

तिने घेतला.

रोह्याला सांगायचं म्हणजे कसं सांगायचं. मावशी चाक घेऊन परत आली, गालावर पट्टी, आणि आधी गोविंदाच्या दारात गेली. गोविंदा आता सत्तरीचा आहे. त्याची आई बायजाबाई कुबडीवर वीस वर्षं जगून गेली. रंभाने चाक दाखवलं, मिठाचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्याने तिच्या कानाखाली मारली. मग चाकाजवळ बसला आणि बराच वेळ फुलीकडे बघून म्हणाला, "मी धरला होता हात. मीच धरला होता." परवा तो जोह्याच्या बसमध्ये बसला, स्टॉपला उतरला, समोरच्या टपरीवर एक चहा प्यायला आणि तसाच परत आला.

चाक शेडच्या बाहेर लटकवलंय, हातोड्याच्या चारही खोचा तशाच ठेवून. पुण्यावाल्याला नाही दिलं. वाटीशिवाय आहे, फुली रस्त्यावरून दिसते.

बाकीची तेवीस-चोवीस माणसं, किंवा त्यांची मुलं, ती इथेच आहेत, आणि हे वाचणाऱ्यांत नक्की आहेत. ज्यांनी लहानपणी नट सैल ओरडलं तेही आहेत. तर प्लीज जा. जोह्याला बसमधून उतरलात की काळुरामचा कारखाना कोणीही दाखवेल. त्याला मूर्तीची धूळ लागलीय छातीत, बोलता बोलता थांबावं लागतं, म्हणून पुढच्या महिन्यात वगैरे नको, ह्याच आठवड्यात जा. गोविंदाकाका, तुम्ही पण. टपरीपासून कारखाना पन्नास पावलांवर आहे. नट घट्ट होते एवढं एक वाक्य त्याला समोर बसून सांगा, आणि हात पुढे कराल तर डावा करा.